पेटीला भोक आणि मोजायला दोघे : सोलापुरातला एक अभ्यासवर्ग

चर्च, ख्रिस्ती न्यास आणि पतसंस्थांत हिशेब पाहणाऱ्यांसाठी सोलापुरात पांढरपेशा गुन्ह्यांवर, म्हणजे पदाचा आणि विश्वासाचा गैरफायदा घेऊन केलेल्या अपहारासारख्या गुन्ह्यांवर, चार शनिवारांचा वर्ग चालतो. आमचे मत आधीच सांगतो: पहिले तीन शनिवार चुकवू नका, चौथ्याची तयारी मात्र घरून करून जा.

१९३९ मध्ये समाजशास्त्रज्ञ सदरलँड यांनी ‘पांढरपेशा गुन्हा’ ही संज्ञा मांडली, हा इतिहास दहा मिनिटांत उरकतात, ते बरेच आहे. मग येतो गुन्हेशास्त्रज्ञ क्रेसी यांच्या अभ्यासातून पुढे आलेला, अपहार का घडतो हे सांगणारा त्रिकोण: पैशाची अडचण, संधी आणि ‘पुढच्या पगाराला परत टाकू’ ही मनाची समजूत. अडचण आणि समजूत माणसाच्या आत असतात, तिथे प्रार्थना आणि पाळकीय भेट हवी. संधी मात्र समितीच्या हातात असते. वर्गाची सगळी मांडणी या फरकावर उभी आहे, आणि ती पटते.

बायबलमधल्या ‘दुसरे राजे’ या पुस्तकाचा अध्याय १२ इथे फार नेमका वापरला आहे. याजकांनी स्वतः पैसे घ्यायचे ही पद्धत होती, तेव्हा राजाच्या कारकिर्दीचे २३ वे वर्ष उजाडले तरी मंदिराची डागडुजी झाली नव्हती. मग यहोयादा याजकाने पेटीच्या झाकणाला भोक पाडले. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून मोजत. अर्पण मोजण्याची रीत याच धाग्याने शिकवतात. मोजणारे दोघे, एकमेकांचे नातलग नसलेले; नोटांच्या किमतीनुसार रकाने असलेला मोजणी-तक्ता, त्यावर दोघांच्या सह्या; रक्कम पुढच्या कामकाजाच्या दिवशी बँकेत; आणि भरणा पावती तक्त्याशी ताडून पाहणारा तिसराच माणूस. मोजणारा, भरणारा आणि रोखकीर्द (रोख रकमेची रोजची वही) लिहिणारा एकच असेल तर दोन रविवारांचे अर्पण एकत्र भरून मागचा खड्डा सहज बुजवता येतो.

त्याच अध्यायात ‘हिशेब मागत नसत, कारण ते सचोटीने वागत’ असेही आहे. लेखापरीक्षण नको म्हणणारे नेमके हेच वचन पुढे करतात. ते मजुरी वाटणाऱ्या मुकादमांबद्दल आहे, आणि त्यांच्या हाती पैसा आला तो मोजून. वर्गात यावर एक वाक्यही नाही, ही मोठी उणीव.

तिसरा शनिवार पिग्मीचा, म्हणजे एजंटामार्फत रोज गोळा होणाऱ्या छोट्या ठेवींचा, आणि तो सर्वांत कसदार. विडी कामगार किंवा यंत्रमागावरचा माणूस रोज थोडी रक्कम एजंटाला देतो. ती त्याच्या पासबुकात चढते, पण संस्थेच्या खात्यात उशिरा किंवा कमी. खतावणी (खात्यांची वही) जुळते, तेरीज (सर्व खात्यांच्या शिल्लकांचा गोषवारा) जुळते, लेखापरीक्षकाला काहीच खटकत नाही. फरक दिसतो तो पासबुक हातात घेतल्यावरच. उपाय साधा: दरमहा काही खातेदार निवडायचे, एजंटाला न कळवता शिल्लक त्यांच्याकडूनच पडताळायची, आणि एजंटाचा भाग ठरावीक काळाने बदलायचा. एजंट रजाच घेत नसेल तर त्याची निष्ठा वाखाणण्याआधी पासबुके मागवा.

चौथ्या शनिवारी क्षमा. बायबलमधल्या लेवीय ६ मध्ये सांगितलेली मूळ रक्कम अधिक एक पंचमांश भरपाई, जक्कय या जकातदाराची चौपट फेड, हे सुंदर समजावतात. पण ‘भरून दिले, आता प्रकरण मिटवू’ असाच सूर श्रोत्यांच्या मनात राहतो. सार्वजनिक न्यासाचा पैसा समितीच्या खिशातला नसतो. नोकराने केलेला अपहार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(४) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि रक्कम परत केली म्हणून तो घडलाच नाही असे होत नाही. क्षमा करणे आणि गुन्हा झाकणे यांतली रेघ इथे ठळक ओढायला हवी होती. क्यूआर कोड कोणाच्या खात्याला जोडला आहे हे तपासणेही राहून गेले. आज बरेच अर्पण तिथूनच येते, म्हणून कोड संस्थेच्याच खात्याचा हवा.

जाताना संस्थेची मागच्या तीन महिन्यांची रोखकीर्द, मोजणी-तक्ते आणि बँकेचा खातेउतारा न्या. नमुन्याच्या आकड्यांवर ताळमेळ शिकण्यापेक्षा आपल्याच वहीतली तफावत शोधताना हात लवकर बसतो.