टोफू-भात घरी करायचाय: इंद्रायणी की बासमती, पाकिटातला टोफू की घरचा?

टोफू-भात करायचा म्हटलं की सगळे आधी टोफूच्या, म्हणजे सोयाबीनच्या दुधापासून केलेल्या पनीरासारख्या वडीच्या मागे लागतात. माझ्या मते पहिला निर्णय तांदळाचा. जपान-कोरियात रोजचा भात आखूड दाण्याच्या, चिकटसर जपोनिका तांदळाचा असतो. त्या चिकटपणामुळे काड्यांनी घास उचलता येतो आणि सॉस दाण्याला धरून राहतो.

यासाठी नाशिककरांना लांब जायची गरज नाही. इंद्रायणी ही जात मूळची मावळातली, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेली, आंबेमोहोराच्या वंशातली. इगतपुरी-घोटीच्या पावसात ती छान पिकते, आणि घोटीच्या गिरण्यांतला तांदूळ आपल्या किराणा दुकानात सहज मिळतो. इंद्रायणी जपोनिका नाही, पण मऊ आणि चिकटसर आहे, या जेवणाला तेवढं पुरतं. अर्धा तास भिजवून एका वाटीला पावणेदोन वाट्या पाणी घाला. दिवाळीनंतरचा नवा तांदूळ असेल तर दीडच वाटी, नाहीतर आसट होतो.

बासमतीचा दाणा मोकळा, त्यामुळे सॉस खाली ताटलीत उतरतो आणि वर कोरडा भात राहतो. शिवाय त्याचा स्वतःचा सुवास सोया सॉस आणि आल्याच्या वासाशी जुळत नाही. बिर्याणीत तो राजा असेल, इथे नको. मात्र भात कढईत परतून फ्राइड राइस करायचा असेल तर गणित उलटं होतं. तेव्हा बासमती किंवा कोलम आधी शिजवून, फ्रिजमध्ये गार करून घ्या. इंद्रायणीचा परतताना लगदा होतो.

आता टोफू. पाकीट घेताना त्यावर ‘फर्म’ लिहिलंय का ते बघा. ‘सिल्कन’ प्रकार सुपासाठी चांगला, कढईत तो मोडतो. फर्म टोफू फडक्यात गुंडाळून त्यावर खलबत्ता ठेवा आणि वीस मिनिटं विसरून जा. मग तुकडे करा, पुसून कोरडे करा आणि मीठ घातलेल्या कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवा. पसरट तव्यात दोन चमचे तेल चांगलं तापलं की तुकडे सुटे सुटे मांडा, आणि मग हात आवरा. सुरुवातीला टोफू तव्याला चिकटतो. लगेच उलथनं घातलं तर वरची साल तव्यावरच राहते. तीन-चार मिनिटांत कडा सोनेरी दिसू लागतात, तडतड कमी होते आणि तुकडा आपोआप सुटतो. तेव्हाच पलटायचा.

घरचा टोफू करण्याचा मोह मला कळतो, कारण निफाड-येवल्याकडे सोयाबीन भरपूर पिकतं. पाव किलो दाणे रात्रभर भिजवायचे, नाशिकच्या थंडीत बारा तास तरी. मग वाटून, फडक्यातून गाळून दूध काढायचं आणि ढवळत निदान दहा मिनिटं उकळायचं. ही उकळी टाळू नका: कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, ते उष्णतेने निकामी होतात. दूध झपाट्याने उतू जातं, म्हणून पातेलं मोठं घ्या. गॅस बंद करून पाण्यात मिसळलेला लिंबाचा रस हळूहळू घाला, फाटलं की फडक्यात बांधून वजन ठेवा. हा टोफू ताजा आणि चवीला गोडसर लागतो, पण लिंबामुळे जरा भुसभुशीत होतो. जपानी पद्धतीत त्यासाठी निगारी, म्हणजे समुद्राच्या पाण्यातून मिळणारं मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. त्याने पोत एकसंध येतो. कामाच्या दिवशी पाकीटच बरं. रविवारी वेळ असेल तर घरचा जरूर करा, उरलेला चोथा थालीपिठात जिरतो.

पनीर चालेल का? चालेल, पण दुधाच्या स्निग्धपणात सोया सॉसची धार बोथट होते.

सॉस दोघांना पुरेल असा: दोन मोठे चमचे सोया सॉस, एक चमचा गूळ, अर्ध्या लिंबाचा रस, किसलेलं आलं आणि ठेचलेला लसूण. सोया सॉस खारट असतो, म्हणून वरून मीठ नको. तिकडचं तिळाचं तेल भाजलेल्या तिळाचं, गडद आणि खमंग असतं. घाण्यावरच्या आपल्या तेलाला तो वास नसतो. बाटली आणण्यापेक्षा चमचाभर तीळ भाजून, भरड कुटून शेवटी भुरभुरा. वर पातीचा कांदा, तो मात्र कच्चाच.

चातुर्मासात कांदा-लसूण बंद असेल तरी हे जेवण सोडायचं कारण नाही. चीन-जपानच्या बौद्ध मठांतल्या स्वयंपाकातही कांदा-लसूण वर्ज्य असतो आणि टोफू मात्र नेहमीचा. आलं दुप्पट घ्या, मिरपूड आणि तीळ थोडे वाढवा, पातीऐवजी कोथिंबीर घाला.