जॉन अ‍ॅडम्स: आधी आत्मचरित्र वाचावे की पत्रे?

जॉन अ‍ॅडम्स हा वकील, राजकारणी आणि अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष त्याच्याच लेखणीतून समजून घ्यायचा असे ठरवलेल्या वाचकापुढे प्रश्न उरतो, तो त्याच्या आत्मचरित्राने सुरुवात करावी की पत्नी अ‍ॅबिगेलशी झालेल्या पत्रव्यवहाराने. दोन्ही मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत आणि मी दोन्ही वाचली आहेत.

ज्याला प्रामुख्याने वकील अ‍ॅडम्स हवा आहे, त्याने आत्मचरित्र टाळू नये. १७७० मध्ये बोस्टनमध्ये ब्रिटिश सैनिकांनी जमावावर केलेल्या गोळीबारानंतर त्यांचा तुरुंगातील अधिकारी कॅप्टन प्रेस्टन याला वकील मिळेना, तेव्हा फॉरेस्ट नावाचे गृहस्थ रडतच अ‍ॅडम्सच्या कचेरीत आले आणि एका गिनीवर वकीलपत्र ठरले, हा प्रसंग तिथे फार जिवंत उतरला आहे. पुढे प्रेस्टन निर्दोष सुटला. आठ सैनिकांपैकी सहा सुटले आणि दोघांवर सदोष मनुष्यवध सिद्ध झाला. पत्रांत हे शोधून सापडणार नाही, कारण पती-पत्नी एकत्र राहत तेव्हा पत्रे थांबत. १७७६ मध्ये एका खाणावळीत सहकारी राजकारणी बेंजामिन फ्रँकलिनबरोबर एकाच खाटेवर झोपताना खिडकी उघडी ठेवण्यावरून झालेला वादही आत्मचरित्रातच वाचावा.

मात्र मला ज्या गोष्टीने थकवले, ती सांगितलीच पाहिजे. हे लेखन १८०२ मध्ये, म्हणजे अध्यक्षपदाची निवडणूक हरल्यानंतर सुरू झाले आणि त्यात राजकीय प्रतिस्पर्धी अलेक्झांडर हॅमिल्टनपासून लेखक थॉमस पेनपर्यंत अनेकांचे हिशेब चुकते होत राहतात. आठवण रंगात येते न येते तोच काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेच्या, कामकाजाचे उतारे सुरू होतात आणि ते संपता संपता पुन्हा स्वतःची कैफियत येते. एवढे सोसूनही कथन १७८० पर्यंतच पोहोचते. ब्रिटनशी युद्ध संपवणारा १७८३ चा पॅरिस तह आणि अध्यक्षपद त्यात नाहीच.

पत्रांतल्या अ‍ॅडम्सला पुढे काय होणार हे ठाऊक नसते. ३ जुलै १७७६ रोजी तो अ‍ॅबिगेलला मोठ्या उत्साहाने कळवतो की येणाऱ्या पिढ्या २ जुलै हा, काँग्रेसने स्वातंत्र्याचा ठराव मंजूर केल्याचा, दिवस साजरा करतील. अ‍ॅबिगेल ब्रेनट्रीहून, म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या त्यांच्या घरून, अतिसाराच्या साथीबद्दल आणि आईच्या मृत्यूबद्दल लिहिते, बोस्टनमध्ये मुलांना देवी टोचून घेते. नव्या कायद्यांत स्त्रियांना विसरू नका असे ती बजावते, तेव्हा तो ते हसण्यावारी नेतो आणि तेही कागदावर तसेच राहते. आत्मचरित्रात साक्षीदार एकटाच आहे. पत्रांत त्याची उलटतपासणी होते. अर्थात १७७५ मध्ये काही पत्रे ब्रिटिशांच्या हाती पडून छापली गेली, तेव्हापासून राजकीय बाबींत हात थोडा आखडता झाला आहे, हे ध्यानात ठेवावे.

प्रत्येकाची आवड वेगळी असते, तरीही माझ्या मते अ‍ॅडम्स काँग्रेससाठी फिलाडेल्फियाला निघाला त्या १७७४ पासूनची पत्रे आधी वाचावीत आणि प्रेस्टनच्या खटल्यासाठी मग आत्मचरित्राचा पहिला भाग उघडावा.