ट्रॅव्हल ट्रेलर १४ महिने वापरल्यावर: ओली गादी, फुगलेली भिंत आणि एक रिकामा फिरणारा स्क्रू

नवीन ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, घेतला त्याला आता १४ महिने झाले, त्यात सत्तरेक रात्री झोपून झाल्या, ऊन पाऊस थंडी सगळं काढून झालं, म्हणजे आता लिहायला हरकत नाही. २६ फुटी, दोन अ‍ॅक्सलवाला, एक स्लाइड-आउट (मुक्कामाला बाहेर सरकवायचा खोलीचा भाग), बाहेरून गुळगुळीत फायबरग्लासच्या भिंती. कंपनीचं नाव घेत नाही.

आधी चांगलं ते सांगून टाकते. आतली मांडणी झकास आहे, पाऊस लागला तरी तीन माणसं एकमेकांच्या पायात न येता वावरतात, फ्रिज आणि भट्टी (आत ऊब देणारा हीटर) एकदाही रुसले नाहीत, ओढायलाही सरळ चालतो. बाकी बांधणीबद्दल विचाराल तर वरून कीर्तन आतून तमाशा. पहिल्या आठवड्यात हीटरच्या डक्टमधून मूठभर लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिकचे तुकडे बाहेर आले, एक ड्रॉवर नुसत्या स्टेपलवर उभा होता, सिंकखालच्या पाइपची चकती हाताने फिरत होती. हे सगळं हसून सोडून दिलं, स्क्रूड्रायव्हर घेऊन तासाभरात निपटलं. खरं दुखणं पाण्याचं निघालं.

चौथ्या महिन्यात पुढच्या बेडरूममध्ये कुबट वास यायला लागला. नवरा म्हणे, ओले टॉवेल तुम्ही आत ठेवता म्हणून. मुलगी म्हणे, बाबांचे बूट. एक दिवस चादर बदलताना गादी उचलली तर खालच्या बाजूला कोपऱ्यात ताटाएवढा ओला डाग, आणि त्याच्या शेजारची भिंत बोटाने दाबली तर चक्क आत गेली, शिळ्या ब्रेडसारखी. त्या क्षणी पोटात जे झालं ते ट्रेलरवाल्यांनाच कळेल.

मग काय, सगळे करतात तेच आम्ही केलं. डाग उजव्या पुढच्या कोपऱ्यात म्हणून शिडी लावून त्याच कोपऱ्याच्या वर छपरावर गेलो, तिथल्या सांध्यावर जुन्या सीलंटच्या वरून नवीन सीलंटचा थर फासला आणि समाधानाने खाली उतरलो. पुढच्या पावसात परत ओल. परत थर. तिसऱ्या वेळी मार्कर लाइटच्या भोवती पण फासलं, कारण कुठेतरी वाचलं होतं की वरचे ते छोटे दिवे हमखास गळतात (गळतात खरंच, त्यांच्या मागे वायरचं भोक थेट भिंतीत जातं). तरी ओल आहे तिथेच. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा सगळा प्रकार चालला होता पण ते कळायला आणखी दोन महिने गेले.

कळलं कसं ते सांगते. घरी उभा असतो तेव्हा जागेला थोडा उतार आहे म्हणून ट्रेलरचं नाक खाली असतं. एकदा कॅम्पला गेलो तिथे जॅकने नाक जरा जास्तच वर उचललं गेलं, रात्रभर पाऊस झाला, आणि सकाळी पुढचा कोपरा कोरडा ठणठणीत पण मागच्या कपाटात कपडे ओले! दोन गळत्या म्हणून आधी डोक्याला हात लावला, मग नाश्ता करता करता डोक्यात आलं की अरे गळती एकच आहे, कुठेतरी मधे, आणि पाणी आतल्या आत उताराच्या दिशेने पुढे किंवा मागे पळतंय. छपराचं रबर बाजूने खाली दुमडून त्याच्यावर कडेने एक लांबलचक अ‍ॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूने मारलेली असते, पाणी वाहून नेणारी, तिच्याच खालून जाणाऱ्या कडेच्या लाकडावरून ते पाणी प्रवास करत होतं.

जागा पक्की करायला घरगुती प्रेशर टेस्ट केली. यासाठी मोठी मशीन वापरणारे लोक असतात, पण आम्ही छपराच्या व्हेंटमध्ये टेबलफॅन पुठ्ठ्यात बसवून टेपने चिकटवला, हवा आत फुंकणारा, बाकीचे व्हेंट, चिमणीचं तोंड, दाराच्या फटी सगळं टेपने बंद. गॅस बंद करून ठेवायचा आणि सिंक, शॉवरच्या खालच्या वाकड्या पाइपमध्ये (ट्रॅप) पाणी भरून ठेवायचं, नाहीतर हवा तिथूनच निघून जाते. मग बाहेरून स्प्रेच्या बाटलीने साबणाचं पाणी मारत मारत फिरायचं. मुलीने पहिल्या मिनिटाला ओरडून सांगितलं, आई इथे! डाव्या उजव्याचा घोळ नको म्हणून सांगते, दाराच्या बाजूला, दाराबाहेर सावलीसाठी उघडायच्या कापडी छताच्या वरच्या पट्टीत, बरोबर मधल्या भागात बारीक बारीक बुडबुडे येत होते, भाताला आधण आल्यासारखे. आणि ज्या कोपऱ्यात आम्ही तीन ट्यूब रिकाम्या केल्या होत्या तिथे एक बुडबुडा नाही.

त्या पट्टीच्या खोबणीत प्लॅस्टिकची रिबन असते, स्क्रूची डोकी झाकायला. ती ओढून काढली तर खाली एका रांगेत स्क्रू, अर्ध्यांवर गंज. बुडबुड्यांच्या जागचा स्क्रू मी ड्रिल न लावता नुसत्या हाताने फिरवला, तो फिरतच राहिला, ना घट्ट ना सैल. बाहेर काढला तर टोक स्वच्छ चकचकीत, लाकडाचा कणसुद्धा नाही लागलेला. तिरका मारला गेलेला, लाकूड चुकवून फोममध्ये गेलेला. म्हणजे कारखान्यातून निघाला त्या दिवसापासून तिथे एक तयार भोक होतं आणि त्याच्यावर फक्त रिबन. हा स्क्रू मी अजून किचनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय, पाहुण्यांना दाखवायला.

दुरुस्ती आम्हीच केली, आणि ती करताना जे शिकले ते जरा सविस्तर लिहिते कारण इथेच बहुतेक लोक चुकतात. वरून सीलंट फासणं ही मलमपट्टी आहे, खरा अडसर पट्टीच्या मागचा ब्यूटाइल टेप असतो, तो राखाडी चिकट, च्युइंगगमसारखा. तो वर्षानुवर्षं दबतो, आमचा तर मुळात नीट दबलाच नव्हता. सहा फुटांचा भाग सोडवला, जुना टेप प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढला (लोखंडी पातं रबराला लावू नका, आणि पेट्रोलियमवाले क्लीनर ईपीडीएम रबरावर, म्हणजे छपराच्या रबरी चादरीवर, अजिबात नको, ते फुगतं), लाकूड चार दिवस डिह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) लावून वाळवलं, भोकं इपॉक्सीने भरली, नवीन ब्यूटाइल लावून आधीपेक्षा एक नंबर जाड स्टेनलेस स्क्रू मारले. दोन दिवसांनी ते परत एकदा आवळले कारण ब्यूटाइल हळूहळू दबत जातं. शेवटी फक्त वरच्या कडेला सीलंट, आणि तेही न ओघळणारं. उभ्या जागी डायकोर कंपनीचं ते आपोआप पसरणारं सीलंट लावलं तर ते भिंतीवरून ओघळून खाली येतं, ते छपराच्या सपाट भागासाठी आहे. पट्टीची खालची कड मुद्दाम मोकळी सोडली, आत चुकून पाणी गेलंच तर त्याला बाहेर यायला वाट हवी. खिडक्यांचंही तसंच, खाली पाणी जायची बारीक भोकं असतात ती बुजवणारे लोक मी डोळ्यांनी बघितलेत.

आणि कृपा करून बाथरूमवालं सिलिकॉन कुठेही मारू नका. ते सुटलं की त्याचा अदृश्य थर मागे राहतो आणि त्याच्यावर पुढे काहीच धरत नाही, सिलिकॉनसुद्धा नाही.

डीलरकडे नेलं नाही का, असं विचाराल. नेलं होतं, स्वतः हात घालायच्या आधी. सात आठवडे त्यांच्या आवारात उभा होता, तोही पावसात, आणि परत आला तेव्हा कागदावर 'गळती आढळली नाही, सीलंट लावले' एवढंच. वर वॉरंटीचं पुस्तक दाखवलं, त्यात बारीक अक्षरात लिहिलंय की सगळे सांधे दर ९० दिवसांनी मालकाने तपासायचे आणि सीलंटची देखभाल वॉरंटीत बसत नाही. शिवाय फ्रिज, भट्टी, एसी, टायर यांच्या वॉरंट्या त्या त्या कंपन्यांच्या वेगळ्या, मुख्य वॉरंटी एकच वर्ष. तेव्हापासून मी दर तीन महिन्यांनी छपराचे तारखेसकट फोटो काढते. तुम्ही पहिल्या दिवसापासून काढा.

आता भिंतीचा फुगवटा. या गुळगुळीत भिंती म्हणजे सँडविच असतं, बाहेर फायबरग्लासचा पातळ पापुद्रा, त्याला चिकटवलेलं जेमतेम ३ मिलिमीटरचं प्लाय, मग फोम आणि अ‍ॅल्युमिनियमची चौकट. प्लायला पाणी लागलं की थर सुटतात आणि बाहेरून फुगा येतो. आमचा पंजाएवढा आहे. भर दुपारी दिसत नाही, संध्याकाळी भिंतीला गाल लावून टॉर्च आडवा मारला की लगेच दिसतो. गोंद टोचून दाबून धरतात असा एक उपाय आहे, पण आत ओल असताना ते करून उपयोग नाही, आणि पूर्ण भिंत बदलायचा खर्च ऐकून आम्ही विषय बंद केला. पन्हाळी पत्र्याच्या जुन्या पद्धतीच्या ट्रेलरमध्ये हा फुगा येत नाही, तिथे आतलं लाकूड गुपचूप कुजतं, म्हणजे डावं उजवं करण्यात अर्थ नाही. स्कँप किंवा कसिटासारख्या कंपन्यांच्या अख्ख्या साच्यातल्या फायबरग्लासच्या ट्रेलरला सांधे कमी, पण खिडक्या आणि व्हेंट त्यांनाही असतातच.

असं का होतं याचा खूप विचार केला. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या आसपास बनतात, आणि २०२१ मध्ये तर मागणी एवढी वाढली होती की त्या वर्षी कारखान्यांतून निघालेल्या आरव्हींचा (ट्रेलर धरून राहायची सोय असलेल्या सगळ्या गाड्या) आकडा ६ लाखांवर गेला. घाईत स्क्रू चुकणारच, आणि चुकलेला स्क्रू कोणी काढून बघत नाही. पण सगळा दोष कामगाराचा नाही. अ‍ॅल्युमिनियमची ७ मीटर पट्टी हिवाळा ते उन्हाळा ४० अंशांच्या फरकात साधारण साडेसहा मिलिमीटर लांबते, लाकूड आणि फायबरग्लास वेगळ्या हिशोबाने हलतात, आणि हे सगळं रस्त्यावर तासन्‌तास हादरत असतं. घराला असा धक्का बसला तर भूकंप म्हणतात, आम्ही त्याला वीकेंड म्हणतो.

बाकीच्या गळत्या पटापट. रात्री कुठलाही नळ चालू नसताना पाण्याचा पंप दर वीसेक मिनिटांनी एक सेकंद घुर्र करायचा, म्हणजे पाइपमधलं प्रेशर कुठेतरी उतरतंय. शॉवरच्या मागची फळी काढली तर पेक्स (प्लॅस्टिकच्या) पाइपच्या जोडावरची रिंग तिरकी दाबलेली, थेंब थेंब. ते पाणी जात कुठे होतं? खालच्या पन्हाळी प्लॅस्टिकच्या आवरणात, त्याचं पोट सुटलेल्या माणसासारखं लोंबत होतं, कोपऱ्याचे दोन स्क्रू काढल्यावर बादलीभर पाणी बाहेर. नवरा नेमका खाली झोपलेला होता, असो. तेव्हापासून बाहेरच्या नळाला जोडताना प्रेशर रेग्युलेटरशिवाय जोडत नाही, ४० ते ६० पीएसआयच्या (पाण्याच्या दाबाचं माप) वर कधीच नाही. एसीच्या खाली एकदा ठिबकलं होतं, ती सीलंटची भानगडच नव्हती, आतली जाळी काढली की चार लांब बोल्ट दिसतात, ते हादऱ्याने सैल होऊन खालचं फोमचं गास्केट उघडलं होतं. हळूहळू आळीपाळीने आवळले, गास्केट अर्ध्या इंचाच्या आसपास दबेपर्यंत, जास्त नाही. स्लाइड-आउटच्या रबरात एक वाळकी काडी अडकून ओठ उलटा झाला होता, आत घ्यायच्या आधी वर झाडून घेत जा एवढंच.

नवीन घेणार असाल तर चकचकीत किचन बघण्यात वेळ घालवू नका, पिन टोचायचा स्वस्तातला ओल मोजायचा मीटर घेऊन जा आणि कोपरे, खिडक्यांच्या खालची बाजू, कपाटाच्या आतली भिंत टोचून बघा. १५ टक्क्यांच्या खाली असेल तर बरं, २० च्या वर दिसलं तर तिथून निघा, मग सेल्समन काहीही सांगो. रिबनचं एक टोक उचलून स्क्रूवर गंज आहे का तेही बघा, तो तोंड वाकडं करेल, करू दे.

परत हाच घेईन का, तर मांडणीसाठी हो, पण सही करायच्या आधी टेबलफॅन आणि साबणाची बाटली घेऊन जाईन. गेल्या आठवड्यातल्या तीन दिवसांच्या झडीनंतर पुढच्या कोपऱ्यात मीटर १२ दाखवत होता आणि मागच्या कपाटात १३. फुगवटा आहे तेवढाच आहे, त्याच्या कडेने पेन्सिलने रेघ आखून तारीख लिहून ठेवलीय.