डकटेल्स: १९८७ ची जुनी आणि २०१७ ची नवी, दोन्ही बघून झाल्यावर

सरळच सांगतो, डकटेल्स या डिस्नेच्या कार्टून सिरीयलची नवी आवृत्ती जुनीपेक्षा चांगली आहे. आणि हे तो माणूस म्हणतोय ज्याच्यासाठी रविवार म्हणजे दूरदर्शन, हिंदीतले अंकल स्क्रूज आणि हातात शेव-जीरावन घातलेले पोहे, त्यामुळे इंदूरचे माझे जुने मित्र हे वाचून भांडायला येणार हे माहितीये. आमच्या घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि कार्टूनही हिंदीतच, टायटल साँग सगळ्या गल्लीला पाठ, ते सगळं मान्य. तरी सुट्टीत ताईची मुलं आली तेव्हा त्यांच्याबरोबर जुनी आणि नवी दोन्ही लावून बघितल्या आणि माझं मत पक्कं झालं.

जुनी आली १९८७ मध्ये, १०० एपिसोड, १९९० पर्यंत चालली. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, स्क्रूज मॅकडक हा जगातला सगळ्यात श्रीमंत बदक, कार्ल बार्क्सने १९४७ मध्ये कॉमिकसाठी तयार केलेला. डोनाल्ड डक नेव्हीत भरती होतो आणि ह्यूई, ड्यूई, लुई या आपल्या तिघा भाच्यांना स्क्रूजकडे सोडून जातो, मग हे सगळे मिळून खजिने शोधत जगभर फिरतात. नाती आपल्या हिशोबाने बघितली तर डोनाल्ड या पोरांचा सख्खा मामा, म्हणजे त्यांच्या आईचा जुळा भाऊ, आणि स्क्रूज हा डोनाल्डचा मामा. म्हणजे सगळं आजोळच. आणि म्हणूनच माझी आजी स्वयंपाकघरातून दर वेळी विचारायची, अरे पण ह्या पोरांची आई कुठाय? आम्ही म्हणायचो आजी गप्प बस ना, विमान पडतंय. पण प्रश्न बरोबर होता आणि जुन्या सिरीयलने त्याची गोष्ट कधी सांगितलीच नाही. आईचं नाव डेला, १९३७ च्या कॉमिक स्ट्रिपमध्ये पोरांना डोनाल्डकडे पाठवून देणारी म्हणून ते येतं आणि मग कित्येक वर्षं तिला कुणी फारसं विचारत नाही.

नवी सिरीयल नेमकी तिथूनच सुरू होते. (इथून पुढे कथा उघड होणार आहे, ज्यांना नको त्यांनी पुढचे दोन पॅरा सोडा.) पहिल्याच एपिसोडच्या शेवटी ड्यूईला एका जुन्या चित्रात आपली आई दिसते, डोनाल्ड आणि स्क्रूजबरोबर साहस करत असलेली, आणि मग अख्खा पहिला सीझन आत हा एकच धागा चालू राहतो. डेला अंतराळात जायला निघालेली पायलट, स्क्रूजने तिच्यासाठी गुपचूप रॉकेट बनवलेलं, ती पोरं अंड्यातून बाहेर यायच्या आधीच न विचारता ते घेऊन उडते, वादळात सापडते आणि हरवते. स्क्रूज तिला शोधायला पाण्यासारखा पैसा ओततो, डोनाल्ड त्याच्याशी बोलणंच टाकतो, आणि दहा वर्षं मामा-भाचे एकमेकांचं तोंड बघत नाहीत. एवढं सगळं मुलांच्या कार्टूनमध्ये, आणि कुठेही रडारड नाही.

दुसऱ्या सीझनमध्ये डेलाचा एक अख्खा एपिसोड आहे, एकटी चंद्रावर अडकलेली, एक पाय गेलेला आणि त्या जागी स्वतःच धातूचा पाय बनवून लावलेला. त्यात ती पोरांसाठी रचलेली अंगाई म्हणते आणि त्या अंगाईची चाल आहे १९८९ च्या डकटेल्स व्हिडिओ गेममधल्या चंद्राच्या लेव्हलची! ज्यांनी तो गेम खेळलाय त्यांच्या अंगावर काटा येतो. जुन्याबद्दल प्रेम असणं म्हणजे हे. नुसते जुने चेहरे परत आणले की रिबूट होत नाही, जुन्यात जे पडून होतं ते उचलून त्याचं काहीतरी करावं लागतं.

आणि डोनाल्ड! जुन्यात तो पाहुण्यासारखा यायचा. नव्यात त्याने तिन्ही भाचे एकट्याने हाउसबोटवर वाढवलेत, साहस वगैरे सगळं सोडून, पोरांना काही होऊ नये या एका धास्तीपायी. मी स्वतः मामा आहे म्हणून असेल पण मला या सिरीयलमधला सगळ्यात मोठा माणूस तोच वाटला, स्क्रूज नाही.

तिघं भाऊ जुन्यात टोपीच्या रंगावरून ओळखायचे, लाल, निळा, हिरवा, बाकी आवाज एक, स्वभाव एक. नव्यात ह्यूई पुस्तकात बघून सगळं करणारा, ड्यूईला हिरो व्हायचंय, आणि लुई आळशी पण डोकं धंद्याचं. भाच्याने दोन एपिसोडमध्ये स्वतःला लुई ठरवून टाकलं. स्क्रूजचं घर सांभाळणाऱ्या बाईंची नात वेबी तर ओळखूच येत नाही, जुन्यात बाहुली धरून मागे मागे फिरणारी छोटी मुलगी, पोरं तिला सोडूनच निघायची, तर नव्यात मॅकडक घराण्याचा इतिहास तोंडपाठ आणि भिंतीवर चढणारी. ज्यांच्या घरात मुलगी आहे त्यांनी फक्त वेबीसाठी बघावी.

आता जुनी कुठे भारी आहे ते पण लिहितो, कारण आहेच. चित्रं. जुन्याच्या पहिल्या सीझनचं अॅनिमेशन जपानच्या टीएमएस स्टुडिओचं आहे आणि हालचाल अशी मऊ की आजही बघत राहावं, स्क्रूज नाण्यांच्या ढिगात सूर मारतो तो शॉट घ्या फक्त. नव्यातली चित्रं चपटी, कोनदार आहेत, मागे जुन्या कॉमिकच्या छपाईतले ठिपके दिसतात ते छान आहे, पण जंगल, समुद्र, वाळवंट यांची ती ऊब नाही. दुसरं म्हणजे वेग. नव्यात सगळे इतके भराभर बोलतात, एका जोकवर दुसरा जोक, की पाच-सहा वर्षांचं मूल मागे पडतं, आणि आम्ही इंग्रजीत बघितली त्यामुळे आईला तर काहीच लागेना, ती उठून गेली. जुन्यात कोण कशाच्या मागे आहे हे आवाज बंद केला तरी कळतं. सुरुवातीची पाच भागांची सोन्याच्या खजिन्याची गोष्ट आजसुद्धा एका बैठकीत बघून होते.

आवाजांबद्दल भांडण नको, जुना अॅलन यंग आणि नवा डेव्हिड टेनंट दोघेही स्क्रूज म्हणून शंभर टक्के. टायटल साँगची चाल तीच ठेवली हे फार बरं केलं.

तिसरा सीझन मात्र मला जड गेला. डार्कविंग डक, टेलस्पिन अशा डिस्नेच्या जुन्या कार्टूनमधली पात्रं, अजून कोण कोण, सगळ्यांना आणायच्या नादात घरातली माणसं मागे पडली, आणि २०२१ च्या शेवटच्या एपिसोडमध्ये वेबीबद्दल जो खुलासा केलाय तो मला पटला नाही, ती रक्ताच्या नात्याशिवाय घरातली झाली होती हेच तर छान होतं.

मुलांना दाखवायची असेल तर सात वर्षांच्या आतल्यांना जुनी, त्यापुढच्यांना नवी, पण पहिल्यापासून क्रमाने, मधूनच कुठला एपिसोड लावू नका. आणि पहिल्या सीझनच्या शेवटाकडचा ‘लास्ट क्रॅश ऑफ द सनचेसर’ लावून देऊन कामाला जाऊ नका, शेजारी बसा. भाचीने तो संपल्या संपल्या टीव्ही बंद केला आणि ताईला फोन लाव म्हणाली.