नवी पेठेतलं रिपेअरिंगचं दुकान, आणि आमचा १२ वर्षं जुना नास

आधीच सांगते, दुकान चांगलं आहे, आमच्या नासचं (ऑफिसच्या नेटवर्कवर फायली साठवायचा डबा) काम झालंय आणि आमचं एकही डिझाईन गेलेलं नाही. पण नीट सगळं लिहितेय कारण सोलापुरात असं काम करणारं कुणी आहे हे मला माहीतच नव्हतं, मी पुण्याला पाठवायच्या तयारीत होते.

आमचा टॉवेल-चादरीचा छोटा कारखाना आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. माझे सासरे, अण्णा, त्यांनी उभं आयुष्य जॅकार्डची (विणतानाच कापडात नक्षी उठवणाऱ्या मागाची) डिझाईनं काढली, ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवून, मग त्यावरून मागाला नक्षी सांगणारी भोकांची पंचकार्ड पाडायची. २०१३ ला ती सगळी स्कॅन करून घेतली आणि दोन डिस्कचा नास घेऊन त्यात ठेवली. नंतर मूळ ग्राफांपैकी निम्म्याला वाळवी लागली. म्हणजे त्या निम्म्यांचं आता जे काही आहे ते त्या डब्यातच, दुसरीकडे कॉपी नाही. दोन डिस्क आहेत, एक गेली तर दुसरी आहे असं समजून आम्ही निवांत होतो.

एप्रिलमध्ये ऑफिसला विंडोज ११ चा नवीन पीसी आणला तर त्याच्यावर नास दिसेचना. कारण नंतर कळलं, डब्याचं जुनं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) फक्त एसएमबी वन बोलायचं, म्हणजे नेटवर्कवरून फायली द्यायघ्यायची जुनी पद्धत, आणि ती मायक्रोसॉफ्टनं २०१७ च्या शेवटापासून नव्या विंडोजमध्ये आपोआप टाकणं बंद केलं, त्याच वर्षी वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस आला होता ना, तो त्याच वाटेनं पसरलेला. मला वाटलं फर्मवेअर अपग्रेड केलं की झालं. फाईल टाकली, बटण दाबलं, सत्तर टक्क्यावर लाईट गेली. उन्हाळ्यात आपल्याकडं लाईटचं काय सांगायचं. यूपीएस पीसीला होता, नासला नव्हता. लाईट आली तेव्हा डबा नुसता केशरी दिवा लुकलुकवत बसलेला, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) नाही, सेटिंगचं पेज उघडत नाही, रिसेटचं बटण दाबून दाबून बोट दुखलं.

पहिल्यांदा एका दुसऱ्या ठिकाणी नेला. तिथल्या मुलानं डिस्क काढून सरळ विंडोजला जोडली, स्क्रीनवर आलं की डिस्क वापरायची तर फॉरमॅट करा, आणि तो म्हणाला मॅडम फॉरमॅट मारतो मग रिकव्हरी सॉफ्टवेअर लावू. मी हात धरला त्याचा अक्षरशः. बाकी मला काही कळत नव्हतं पण फॉरमॅट म्हणजे काय ते कळतं.

मग कारखान्यातल्या एका पोरानं या दुकानाचं सांगितलं. जिना चढून पहिल्या मजल्यावर, एकच खोली, दोघं बसतात. मोठे आहेत त्यांना सगळे दादा म्हणतात. त्यांनी डबा हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, यात काय आहे?" मॉडेल नाही विचारलं, बिल नाही. मी अण्णांचं सांगितलं. मग म्हणाले, "डबा मेला असला तरी डिस्कला काही झालं नसंल, आधी डिस्क बघू, डब्याचं नंतर." त्या एका वाक्यावर मी निम्मी शांत झाले.

त्यांनी समजावलं ते असं, की या डब्यात आतून विंडोज नाही तर लिनक्स नावाची वेगळी सिस्टीम चालते, फर्मवेअर बोर्डवरच्या फ्लॅश चिपमध्ये असतं, आणि आपल्या फायली डिस्कवर वेगळ्या. विंडोजला ती लिनक्सची डिस्क वाचता येत नाही म्हणून ते फॉरमॅट विचारतं, डिस्क खराब असते म्हणून नाही. आधी दोन्ही डिस्कची जशीच्या तशी कॉपी काढली, त्यातल्या एकीत बॅड सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) निघाले त्यामुळं २ टीबीची जी कॉपी पाच-सहा तासात व्हायची तिला तीन दिवस गेले. मग लिनक्सच्या मशीनवर त्या कॉपीवरची रेड-वन (दोन्ही डिस्कवर तेच ठेवायची जोडणी) नुसती वाचायच्या मोडमध्ये जोडली, लिहायचं बंद ठेवून. माझ्यासमोर फोल्डर उघडला. मोराचा काठ दिसला आणि मला रडूच आलं, दादांनी पाणी दिलं.

डबा सोडून दिला असता तरी मी पैसे दिले असते. पण त्यांनी विचारलं, जिवंत करून बघू का. आत बोर्डवर चार पिनांची जागा असते, तिथून बोर्डचे मेसेज लॅपटॉपवर बघायला तीन वायरी लावल्या, ग्राउंड, टीएक्स (पाठवायची), आरएक्स (घ्यायची), चौथी व्होल्टेजची मुद्दाम लावत नाहीत, आणि केबल ३.३ व्होल्टचीच पाहिजे नाहीतर बोर्ड जळू शकतो. ११५२०० च्या स्पीडला लॅपटॉपवर अक्षरं पळायला लागली. म्हणजे डबा चालू करणारा पहिला छोटा प्रोग्रॅम, बूटलोडर, शाबूत होता, त्याच्या पुढचं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अर्धवट लिहिलं गेलेलं. मग लॅन केबलनं लॅपटॉपवरून टीएफटीपी (फाईल पाठवायची एक साधी पद्धत) वापरून जुनं फर्मवेअर आधी रॅममध्ये चढवलं, ते चालू झाल्यावर चिपवर लिहिलं, आणि शेवटी यूपीएसवर ठेवून नवं व्हर्जन टाकलं, ज्यात एसएमबी टू आहे. हे सगळं रिकाम्या जुन्या डिस्क घालून केलं, आमच्या डिस्क टेबलावर बाजूला. हा माणूस घाई करत नाही, हे मला सगळ्यात आवडलं.

खर्च ४,५०० आला, कॉपीसाठीची नवी डिस्क वेगळी. दिवस लागले नऊ. माझ्या मते पैसे रास्त आहेत. तक्रार करायची तर, पहिल्या दिवशी पावती दिली नाही, मी मागितली तेव्हा साध्या कागदावर लिहून दिली. एवढ्या महत्त्वाच्या वस्तूला सिरियल नंबरसकट पावती हवीच, तुम्ही गेलात तर मागून घ्या. फोन लवकर उचलत नाहीत. आणि गाडी लावायला जागा नाही, मी पार्क चौकाकडं लावून चालत गेले, डबा हातात घेऊन, उन्हात.

आता डिझाईनं तीन ठिकाणी आहेत, पीसीवर, नासवर, आणि एक हार्डडिस्क अण्णांच्या कपाटात. दादांनीच बजावलं की दोन डिस्क म्हणजे बॅकअप नाही, एकीवरनं चुकून खोडलं की दुसरीवरनंही जातं. नासला इंटरनेट बंद केलंय, फक्त ऑफिसच्या आत चालतो.

जाताना डब्याचा स्वतःचा अडॅप्टर बरोबर न्या. मी विसरले, परत एमआयडीसीला जाऊन आणावा लागला, आणि दादांनी मीटर लावून पहिल्यांदा तोच तपासला, म्हणाले जुन्या डब्यांचे निम्मे आजार अडॅप्टरचे असतात.