पीएलएच्या ठिसूळपणावर कोणती जोड: सायट्रेट, सोयाबीन तेल, लिग्निन की तंतू?

पीएलए (पॉलिलॅक्टिक आम्ल, मका-उसासारख्या पिकांच्या साखरेपासून बनणारे प्लास्टिक) दिसायला स्वच्छ आणि पारदर्शक, पण ताणले की पाच-सहा टक्के लांबते आणि तुटते. शिवाय ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ते मऊ पडते. या दोन वेगळ्या खोडी आहेत. वनस्पतिजन्य जोड (प्लास्टिकचे गुण बदलायला त्यात मिसळायचा पदार्थ) निवडण्याआधी आपल्याला त्यातली कोणती नडते ते ठरवा, कारण एकीवरचा उपाय बहुतेक वेळा दुसरी वाढवतो.

पिशवी किंवा पातळ फिल्म करायची असेल, तर माझे मत सायट्रेटच्या बाजूने. सायट्रिक आम्लापासून बनणारे हे द्रव पीएलएत छान मिसळतात. १५-२० टक्के घातले की फिल्म कुडकुडत नाही, वाकते. किंमत अशी की ती आणखी कमी उष्णतेतच मऊ पडते, आणि काही महिन्यांत द्रव हळूहळू पृष्ठभागावर येऊ लागतो. मग फिल्म चिकट होते आणि आतून पुन्हा कडक. एपॉक्सी प्रक्रिया केलेल्या सोयाबीन तेलाचे रेणू मोठे, त्यामुळे ते इतक्या सहज बाहेर येत नाही. पण पीएलएशी त्याचे पुरते जमत नाही. प्रमाण वाढवले की थेंब वेगळे पडतात, फिल्म धुरकट दिसते. थोडीशीच लवचिकता पुरणार असेल तर ते घ्यावे.

लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा त्यातला नैसर्गिक पदार्थ, मऊपणासाठी नाहीच. ते अतिनील किरण शोषते, ऑक्सिडेशन रोखते; उन्हात राहणाऱ्या वस्तूला उपयोगी. मात्र रंग तपकिरी होतो आणि प्रमाण वाढले की ठिसूळपणाही वाढतो.

कडक ट्रे किंवा डब्यासाठी लाकडाचा भुसा किंवा सेल्युलोजचे तंतू बरे. ताठरपणा वाढतो, पीएलए कमी लागते. नुसत्या तंतूंनी उष्णता सोसण्याची ताकद मात्र फारशी वाढत नाही. त्यासाठी साचा गरम ठेवून पीएलएचे स्फटिक वाढू द्यावे लागतात. इथे सर्वात जास्त घात होतो तो ओलाव्याने. तंतू ओले राहिले की वितळलेल्या पीएलएच्या साखळ्या पाण्याने तुटतात आणि माल कच्चा निघतो. म्हणून तंतू आणि पीएलएचे कच्चे दाणे दोन्ही नीट वाळवा. दाण्यांतला ओलावा ०.०२५ टक्क्यांच्या खाली हवा.

जोड वनस्पतीची आहे म्हणून मिश्रण आपोआप कुजणारे ठरत नाही. कुजणाऱ्या पॅकेजिंगसाठीच्या युरोपच्या ईएन १३४३२ मानकात १ टक्क्याहून जास्त असलेल्या प्रत्येक सेंद्रिय घटकाची विघटनक्षमता पाहतात. पुरवठादाराकडे नुसत्या पीएलएचा नव्हे, त्यात मिसळलेल्या जोड-पदार्थाचाही अहवाल मागा.