उरणची लोकल: दोन महिने, आठवड्यातून तीन दिवस, आईसोबत

माझ्या आईचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार असतं. केंद्र नेरूळला, घर उरणला. खारकोपर ते उरण हा लोकलचा टप्पा १२ जानेवारी २०२४ला सुरू झाला, तो शुक्रवार होता. त्या दिवशीही आम्ही बसनेच गेलो. सोमवारी, १५ तारखेला, पहिल्यांदा गाडीत बसलो. तेव्हापासून या दोन महिन्यांत एखाददुसरा दिवस सोडला तर आमचं येणं-जाणं याच गाडीने आहे. हौसेने एक फेरी मारून आलेल्यांनी बरंच लिहिलंय. ज्याला रोज किंवा दिवसाआड जायचं आहे, त्याच्या कामाचं मी लिहिते.

आधी कसं जात होतो ते सांगते, त्याशिवाय हे कळायचं नाही. उरणहून मुंबई-नवी मुंबईकडे जायला मुख्य दोन वाटा होत्या. एक मोरा बंदरावरून भाऊच्या धक्क्याला लाँच. ती मुंबईसाठी ठीक, पण आम्हाला नेरूळला उपयोग नाही, आणि मोठी ओहोटी असली की गाळामुळे तीही बंद. दुसरी वाट रस्त्याची, म्हणजे बस नाहीतर एसटी. जेएनपीटी बंदराचे कंटेनर ट्रेलर ज्या रस्त्याने जातात त्याच रस्त्याने. करळ फाट्याला अडकलो तर किती वेळ अडकू याला काही धरबंध नव्हता. कधी तासाभरात पोचायचो, कधी दोन तास. म्हणून आठच्या वेळेसाठी आम्ही पहाटे साडेपाचला घर सोडायचो.

आईच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडून केलेली जागा. त्याच हातात दोन जाड सुया घालतात, रक्त एकीतून बाहेर येतं, दुसरीतून आत जातं. चार तास. त्या हातावर दाब पडता कामा नये, धक्का लागता कामा नये, कुणी तो ओढता कामा नये. बसमध्ये आई उजव्या हाताने पुढच्या सीटचा दांडा धरायची आणि डावा हात पदराखाली पोटाशी घ्यायची, तान्ह्या मुलाला घ्यावं तसा. खड्डा आला की मी माझा हात तिच्या हाताच्या पुढे धरायचे. येताना तर तिच्या अंगात त्राण नसायचं. रक्तदाब उतरलेला, सुया काढलेल्या जागी पट्टी, आणि बाजूला उभ्या माणसाची पिशवी बरोबर त्या पट्टीला घासायची. एकदा पट्टी भिजून लाल झाली आणि आम्ही मधेच रस्त्यावर उतरलो. दीड वर्ष हे असं चाललं होतं.

आता गाडीबद्दल.

उरण, द्रोणागिरी, न्हावा शेवा, शेमटीखार, खारकोपर, बामणडोंगरी आणि मग नेरूळ किंवा बेलापूर. गव्हाण आणि तरघर इथे २०२४च्या सुरुवातीला गाडी थांबत नव्हती. उरण ते नेरूळ आम्हाला चाळीस मिनिटांच्या आत लागतात. पण मला मिनिटांपेक्षा वेगळ्याच गोष्टीचं अप्रूप आहे. ती मिनिटं रोज तेवढीच असतात! सोमवारी जेवढी, तेवढीच शुक्रवारी. आजारी माणूस घरात असलेल्यालाच कळेल की हे केवढं आहे. आम्ही आता सव्वा तास उशिरा उठतो. आई त्या सव्वा तासात झोपते.

तिकीट म्हणाल तर २०२४च्या सुरुवातीला रिक्षाच्या मीटरचं पहिलं भाडं २३ रुपये होतं, आणि उरण ते नेरूळ दुसऱ्या वर्गाचं तिकीट त्याहून कमी. नेहमी जाणाऱ्याने पास काढावा.

सकाळच्या गाडीत उरणला बसायला जागा मिळते, कारण गाडी तिथूनच सुटते. बायकांच्या डब्यात आम्ही डाव्या खिडकीची जागा धरतो, म्हणजे आईचा डावा हात खिडकीच्या बाजूला राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागत नाही. फिस्टुलावाल्या कुणाला हे वाचून उपयोग झाला तर बरं वाटेल. परतताना दिशा उलटते, पण बाक समोरासमोर असल्यामुळे हात पुन्हा खिडकीशी येईल अशी जागा सापडतेच.

पहिल्या दिवशी संक्रांत होती. डब्यात निम्म्या बायका नुसत्या गाडी बघायला आलेल्या, काळ्या साड्या नेसून, पोरं कडेवर घेऊन. एका आजींनी पर्समधून डबी काढली आणि अख्ख्या डब्याला तिळगूळ वाटला. आईला गूळ चालत नाही. तिने एक तीळ जिभेवर ठेवला आणि बाकीचा मला दिला. द्रोणागिरी गेल्यावर ती बाहेर बघत होती आणि एकदम म्हणाली, “गारी आली गो आपल्याकडं.” आम्ही गाडीतच बसलेलो होतो, तरी ती तसं म्हणाली.

तिच्या त्या बोलण्यात काय होतं ते आमच्या बाजूच्या लोकांना वेगळं सांगायला नको. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. आमची भातखाचरं त्यातच गेली. १९८४च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं, गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. आई तेव्हा लग्न होऊन नुकती सासरी आली होती. आम्ही पहिल्यांदा लोकलमध्ये बसलो त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या आंदोलनाला बरोबर चाळीस वर्षं झाली. बंदर आलं, गोदामं आली, कंटेनरचे डोंगर आले. मालगाड्या तर कधीच्या धावत होत्या. माणसांची लोकल सगळ्यात शेवटी आली. या मार्गाचा विचार १९९०च्या दशकातला. दोन तृतीयांश खर्च नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोचा आणि एक तृतीयांश रेल्वेचा असं ठरलं, मग जमिनीचं, तिवरांचं, परवानग्यांचं करत करत पहिला टप्पा खारकोपरपर्यंत ११ नोव्हेंबर २०१८ला आला. पुढच्या टप्प्याला आणखी पाच वर्षं लागली. सगळा मिळून सुमारे २७ किलोमीटरचा रस्ता!

त्याच १२ जानेवारीला अटल सेतूचंही उद्घाटन झालं, आणि टीव्हीवर दिवसभर तोच होता. पूल मोठा आहे, देखणा आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मोटारीला एका वेळचा २५० रुपये टोल ठेवला आणि आमच्याकडे मोटार नाही. आमच्या गल्लीत त्या दिवशी फटाके वाजले ते लोकलसाठी.

स्थानकांच्या नावांबद्दल एक गोष्ट मला फार आवडली. कामाच्या कागदांवर आधी रांजणपाडा असं नाव असलेल्या स्थानकाला आता शेमटीखार नाव आहे. खार म्हणजे खाडीचं पाणी बांध घालून अडवून तयार केलेली जमीन. आमच्या बाजूला प्रत्येक खाराला नाव असतं, आणि ते नाव सांगितलं की कुणाचं शेत कुठे होतं ते जुन्या माणसांना कळतं. आई फारशी शिकलेली नाही, पण सावकाश अक्षरं लावून वाचते. ती पाटी ती दर फेरीला वाचते. खारकोपरलाही वाचते.

आता जे खुपतं ते.

गाड्या फार कमी आहेत. सुरुवातीच्या या दोन महिन्यांत उरणहून साधारण तासाला एक. शिवाय सगळ्या गाड्या एकाच जागी जात नाहीत, काही नेरूळला, काही बेलापूरला. बेलापूरची मिळाली तर तिथे उतरून हार्बरची गाडी पकडून नेरूळला यायचं, म्हणजे फलाट बदलायचा, जिने आले. धडधाकट माणसाला ही दहा मिनिटांची गोष्ट आहे. आईला डायलिसिसनंतर बारा पायऱ्या चढल्या की बसावं लागतं. एका स्थानकावर लिफ्ट आहे, पण आम्ही गेलो त्यातल्या तीन वेळा ती बंद होती, आणि ती कधी चालू होणार ते सांगणारं कुणी नव्हतं. तिथे काम करणाऱ्या झाडूवाल्या ताईंनी स्वतःची खुर्ची जिन्याच्या मधल्या टप्प्यावर आणून ठेवली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तासाचं अंतर म्हणजे काय, तर सुया काढल्यावर रक्त थांबायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी पंचवीस. ते आपल्या हातात नाही, नर्सच्याही नाही. जागेवर कापूस दाबून धरायचा आणि वाट बघायची. फेब्रुवारीत एका बुधवारी रक्त लवकर थांबलं नाही. मी एका हाताने कापूस दाबला होता आणि भिंतीवरचं घड्याळ बघत होते. आई म्हणाली, “बस झालं, चल, गारी जाईल.” मी नको म्हटलं. गाडी गेली. पुढची होईपर्यंत आम्ही फलाटावर बसलो. आईला तहान लागली होती आणि तिला दिवसाला मोजून पाणी असतं, तेव्हा रुमाल ओला करून मी तिच्या ओठांना लावत राहिले. आजारी माणसाने रक्त थांबायच्या आधी उठावं असं वाटायला लावणारं वेळापत्रक बदलायला हवं. निदान दुपारी अर्ध्या तासाने गाडी हवी. रूळ आहेत, स्थानकं आहेत, वीज आहे, गाडीत बसणारी माणसंही आहेत. माझं मागणं एवढंच आहे, आणि ते मी अगदी मनापासून मागतेय.

स्थानकाबाहेरची सोय अजून बसायची आहे. उरणला उतरल्यावर शेअर रिक्षा मिळतात, पण गाडी आल्यावर सगळेच एकदम बाहेर पडतात आणि मागे राहणाऱ्याला थांबावं लागतं. मी ओळखीच्या रिक्षावाल्या दादांना शेमटीखार आलं की फोन करते. द्रोणागिरी आणि न्हावा शेवाला उतरणाऱ्यांनी पुढचं वाहन आधीच ठरवून ठेवावं, रात्री तर नक्कीच. बायकांनी शेवटच्या गाडीला मधल्या डब्यात बसावं, तिथे सोबत असते.

फलाट स्वच्छ आहेत, छप्पर उंच आहे, बाक पुरेसे आहेत. पावसाळ्यात काय होईल ते जूनमध्ये लिहीन.

पाचपैकी किती, असं विचाराल तर मी चार देते. अर्ध्या तासाने गाडी झाली तर त्याच दिवशी येऊन पाच करीन.

उरण सुटल्यावर आधी कंटेनरच्या रांगा दिसतात, मग थोड्या वेळाने खारकोपर येईपर्यंत उजव्या-डाव्या हाताला खाडीची कडा आणि तिवरं. सकाळी आई ते सगळं बघते. येताना ती डोळे मिटून असते. बसमध्ये दीड वर्षात ती एकदाही झोपली नव्हती. गाडीत झोपते, तोंड थोडं उघडं ठेवून, डावा हात मांडीवर मोकळा सोडून. मला आता माझा हात पुढे धरावा लागत नाही. मागच्या आठवड्यात घरी आल्यावर ती म्हणाली, “आज कंबर नाय दुखली.”

माझी मावशी बामणडोंगरीला असते. आई आजारी पडल्यापासून दोघी बहिणी फोनवरच बोलतात, कारण रस्त्याने मधे उतरायचं म्हणजे पुढची बस मिळेल की नाही याची खात्री नसायची. येत्या रविवारी मी आईला घेऊन तिच्याकडे जाणार आहे. एका गाडीने जायचं आणि दोन गाड्या सोडून तिसरीने परत यायचं. मावशीला आत्ताच सांगून ठेवलंय की शहाळं नको, केळी नको, वरण पातळ, मीठ वेगळं. ती म्हणाली, “मग मी काय देऊ तिला?” मी म्हटलं, तांदळाची भाकरी कर, आणि ओट्यावर दोघींना बसता येईल अशी सावली ठेव.